भारी धानाच्या दिवसांतली घंटी

“घंटी बिघडली असन बाई, नाहीतर इतक्या दिवसांत एकडाव तरी वाजली असती,” काकी आईला म्हणत होती.

त्या दोघी मागच्या अंगणात बसून धान पाखडत होत्या आणि मी आत चुलीजवळ होते. सुपाचा आवाज थांबला. आई म्हणाली, “असन. पोरीले पाहाले सांगतो.” मग सूप पुन्हा सुरू झालं.

घंटी बिघडलेली नव्हती. मी सकाळीच पाहिली होती. तिच्या भोंग्याची वायर सोडवून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बटण दाबलं, तेव्हा डब्यात रिलेने टिक् केलं, ठरलेला वेळ थांबला आणि पुन्हा टिक् केलं. सगळं जागच्या जागी होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते जागे होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मागच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कोणाला बोलवायचं झालं तर त्यांनी दाबावी म्हणून ती घंटी मी केली होती. आता ती वाजत नव्हती, कारण ते दाबत नव्हते. हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं, की आईलाही ठाऊक होतं आणि ती बोलत नव्हती, ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या घरात अशा गोष्टी वस्तूंवर ढकलायची पद्धत आहे. घंटी बिघडली म्हटलं की कोणाला काही वाटून घ्यावं लागत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी आम्ही त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर राइस मिलच्या भुशाची काळी राख पडलेली होती, ती बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली आणि आई ती पुन्हा पुन्हा झटकत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, “खुद माँगते हैं? पानी, खाना?” आई लगेच म्हणाली, “हो जी, मांगते न. घंटी बजाते.” मी खाली पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “माँगते रहें तो अच्छा है. जिस दिन माँगना छोड़ दें, उस दिन समझ लेना.” काय समजून घ्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. परतताना गाडीत आईने आमगाव यायच्या आधीच डोळे मिटून घेतले.

आता पुन्हा कापणीचे दिवस आले आहेत. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान केव्हाच निघाला, उशिराचा भारी धान अजून बऱ्याच ठिकाणी उभा आहे, पिवळा, खाली वाकलेला. त्याच्या पायाशी ओल्या बांधीत, बांधांनी वेढलेल्या शेताच्या तुकड्यात, फेकलेली लाखोळीची डाळ उगवू लागली आहे, म्हणजे एक पीक कापलं जाण्याआधीच दुसऱ्याने डोकं वर काढलेलं असतं. लहानपणी मला हे फार सुंदर वाटायचं. यंदा ते पाहून मी तोंड फिरवलं. उभं असलेल्याला कोणी विचारत नाही, तुझं झालं का म्हणून.

सकाळी धुकं इतकं खाली येतं की बांधावरची माणसं कमरेपासून वरचीच दिसतात. नऊ-दहाच्या सुमाराला ऊन येतं, तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास सुटतो, आणि दूर कुठे तरी हार्वेस्टर घरघरायला लागतो. त्याची धूळ संध्याकाळपर्यंत हवेत राहते. दिवा लावला की तिचा एक गोल दिव्याभोवती दिसतो. अंगाला खाज सुटते. तळ्यातले शिंगाडे उकडून विकणाऱ्या बाया दारावरून जातात. त्या आधी छपरीत, म्हणजे बाबांचा पलंग असलेल्या पुढच्या पडवीत, डोकावून त्यांना विचारायच्या, “कसं वाटून राह्यलं गा भाऊ?” यंदा त्या आईलाच विचारतात आणि बाबांच्या पलंगाकडे पाहायचं टाळतात.

बाबांचा आवाज मोठा होता. या बांधावरून त्या बांधावर, मधे सगळा धान वाऱ्याने सळसळत असताना, त्यांची हाक पोचायची. काका म्हणायचे, दादाने हाक मारली की दुसऱ्या गावचे बैल थांबतात. मला मात्र त्यांनी तशी हाक कधी मारली नाही. मी इंग्रजी शाळेत जायचे. तिथे पालकांना बोलावलं की बाबा धुतलेला सदरा घालून यायचे आणि बाकाच्या कडेला हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. बाई इंग्रजीत काही सांगायच्या, बाबा मान हलवायचे. बाहेर आल्यावर मला हळूच विचारायचे, “काय म्हणे?” मी म्हणायचे, “काही नाही.” आमचं बोलणं तिथपासूनच असं होतं. शाळेने मला एक भाषा दिली, ती घरी कोणाशी बोलायची नव्हती. घरच्या भाषेत शाळेत बोलायचं नव्हतं. दोन्हीकडे गप्प राहायची सवय मात्र लागली आणि ती टिकली.

मागच्या वर्षी कापणी लागली तेव्हा घरात माणूस उरेना. बाबा कामाला नाहीत म्हणताना आई, काका, काकी तिघांनाही सकाळपासून खळ्यावर राहावं लागे. मीही कॉलेज संपवून नुकतीच घरी आले होते आणि धान भरायला हात लावत होते. बाबांजवळ कोण बसणार, हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर यायचा. मी कपाटातून माझा जुना डबा काढला. त्यात सोल्डरिंगची काळवंडलेली बोटभर वायर, काही रेझिस्टर, भोंग्याची वीज चालू-बंद करू शकेल असा एक रिले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उरलेली टायमरची आयसी होती. पाचशे पंचावन्न नंबरची. आठ पायांचा एक काळा किडा, नखाएवढा.

ही आयसी मला पहिल्यापासून आवडायची. वर्गात मी कधी प्रश्न विचारला नाही, पण हिच्या पानावर बराच वेळ रेंगाळायचे. ती स्वतःहून काही बोलत नाही. तिला कोणी तरी स्पर्श करावा लागतो, मग ती ठरलेला वेळ बोलते आणि पुन्हा गप्प होते.

तिच्या पोटात काय आहे ते मी मनाशी आमच्या बांधीवरून लावून ठेवलं होतं. कॅपॅसिटर म्हणजे एक छोटी बांधी, पाण्याऐवजी वीज साठणारी. रेझिस्टर म्हणजे वरच्या बांधाला पाडलेलं अरुंद तोंड. तोंड जितकं अरुंद, तितकी बांधी हळू भरते. बांधी किती मोठी आणि तोंड किती बारीक, एवढ्या दोनच गोष्टींवर वेळ ठरतो. आयसीच्या आत तीन सारखे रेझिस्टर एकाखाली एक बसवलेले असतात. ते बॅटरीच्या दाबाचे तीन सारखे वाटे करतात, आणि त्यामुळे दोन खुणा तयार होतात, एक तृतीयांशाची आणि दोन तृतीयांशाची. प्रत्येक खुणेवर एक पहारेकरी बसलेला असतो. वरचा बांधीवर नजर ठेवतो. खालच्याचं लक्ष बटणाच्या वायरीवर असतं.

एरवी बांधीचा खालचा बांध फोडलेलाच असतो. येईल ती वीज वाहून जाते, काही साठत नाही. बटण दाबलं की त्याच्या वायरीतला दाब खालच्या खुणेच्या खाली उतरतो. खालचा पहारेकरी ओरडतो. आत एक खटका आहे, तो उलटतो आणि ज्या बाजूला पडला त्याच बाजूला राहतो. भोंगा सुरू होतो, फोडलेला बांध बंद होतो, बांधी भरायला लागते. ती दोन तृतीयांशाला पोचली की वरचा पहारेकरी ओरडतो, खटका परत पडतो, भोंगा थांबतो, बांध फुटतो आणि बांधी क्षणात रिकामी होते. मग पुन्हा तीच वाट पाहणं. बॅटरी अर्धी उतरली तरी हा वेळ बदलत नाही, कारण खुणाही बॅटरीबरोबर तेवढ्याच खाली येतात. भोंग्याचा आवाज बारीक होतो, लांबी तीच राहते. बाबांच्या बोटात जोर किती आहे याचाही हिला काही फरक पडणार नव्हता. नुसता स्पर्श झाला तरी पुरा आवाज होणार होता. मला त्यांच्यासाठी हेच हवं होतं.

भोंगा खळ्यावरच्या आंब्याला बांधला. लांब वायर घरामागच्या सांदवाडीतून ओढून आणली. बटण बाबांच्या डाव्या हाताशी पलंगाच्या पाटीला बसवलं. डावा हात त्यांचा चांगला होता.

पहिल्याच दिवशी दुपार कलताना भोंगा वाजला. आम्ही सगळे धावलो, आईच्या केसांत तणस तसंच होतं. छपरीत पोचलो तरी भोंगा वाजतच होता. ठरवलेला वेळ केव्हाच संपायला हवा होता. बाबांचं बोट बटणावर होतं.

“काय झालं गा दादा? काय पायजे?” काका वाकून विचारत होते.

आईने पाण्याचा गडू पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. तिने चादर वर करून पाहिली, ती कोरडी होती.

“बोट अटकलं जी त्याईचं,” काकी म्हणाली.

आईने ते बोट उचलून बाजूला केलं. भोंगा थांबला. बाबांनी हात पुन्हा बटणावर ठेवला आणि तो पुन्हा सुरू झाला.

“मॅडम,” काका मला म्हणाले, “तुमची मशीन तं बोंबलूनच राह्यली. गावातले कुत्रे भुकून राह्यले. बंद करा, नाहीतर लोक म्हणतीन, इथं राइस मिल टाकली.”

सगळे हसले. बाबांच्या तोंडाची डावी बाजूही हसली. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, आधी काकांच्या, मग काकीच्या, मग आईच्या, मग माझ्या. आम्ही चौघं त्यांच्या पलंगाभोवती उभे होतो. हात बटणावरच होता.

काय होत होतं ते मला कळलं होतं, म्हणजे आयसीच्या बाजूने कळलं होतं. बटण दाबूनच ठेवलं तर खालचा पहारेकरी ओरडतच राहतो, आणि तो ओरडत असेपर्यंत वरच्याचं काही चालत नाही. बांधी भरून वाहू लागली तरी खटका परतत नाही. याला साधा उपाय आहे. बटण आणि आयसीच्या मधे एक छोटा कॅपॅसिटर बसवायचा. मग आयसीला फक्त दाबल्याचा क्षण कळतो. पुढे कोणी बोट किती वेळ ठेवलं, हे तिच्यापर्यंत पोचत नाही. त्याच संध्याकाळी मी तो बसवला. तुरीच्या दाण्याएवढा होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबून धरलं. भोंगा ठरलेला वेळ वाजला आणि त्यांचं बोट तिथेच असताना थांबला. त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आई खळ्यावरून एकटीच आली, कारण आता एका घंटीला एक माणूस पुरत होतं.

“आता कशी शिस्तीत वाजते,” आई म्हणाली. मला बरं वाटलं.

घंटी नव्हती तेव्हा छपरीच्या पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. त्यांना बाबांसाठी काही करायचं नसे. काकी लसूण सोलत बसायची, काका बिडी ओढत बसायचे, आई नुसतीच बसायची. जाणारा-येणारा चप्पल न काढता टेकायचा. घंटी आली आणि आम्ही सगळे तिचा आवाज जिथवर पोचतो तिथवर लांब गेलो. आधी खळ्यापर्यंत, मग आवाज चांगला जातो म्हणून बांधीपर्यंत. आता त्यांना गरज असली की ते बोलावतील, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. गरज नसताना त्यांच्याजवळ जायचं कारणच उरलं नव्हतं.

पुढे मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीबाळी, जावई, लांबचे नातेवाईक येतात, घरात उभं राहायला जागा नसते. छपरीत दाटी झाली होती. काकांनी पाहुण्यांना घंटी दाखवली, स्वतः बटण दाबून दाखवली. “आमचा दादा आता साहेब झाला,” ते म्हणाले. “घंटी दाबली का चपराशी हाजीर.”

“चपराशी कोन जी?” कोणी तरी विचारलं.

“हा काय, मीच. बिनपगारी.”

छपरी हसली. काकांचा काही वाईट हेतू नव्हता, ते भावावर जीव टाकतात. पण मी दारात उभी होते आणि मला दिसलं, बाबांनी डावा हात बटणावरून काढून चादरीखाली घेतला. आयुष्यभर त्यांनी कोणाला पाणी मागितलं नव्हतं. उठून, माठापाशी जाऊन, स्वतः प्यायचे. बैलाला पाजून मग प्यायचे. त्यांची हाक कामासाठी असायची, स्वतःसाठी कधी ऐकली नव्हती. मी हे सगळं पाहिलं आणि आत जाऊन पाहुण्यांचे कप विसळले.

त्यानंतर घंटी थोडी कमी वाजू लागली. मग आणखी कमी. शेवटची केव्हा वाजली ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही. वाजलेलं लक्षात राहतं, न वाजलेलं कोण लक्षात ठेवणार. आई ठरावीक वेळी पाणी ठेवू लागली, ठरावीक वेळी भरवू लागली. ते तोंड उघडत. पावसाळ्यात घास अर्धे झाले. या कापणीत ते पाण्याचा गडूही तोंडाला लावून परत देतात, पाणी तेवढंच असतं. काकी म्हणते घंटी बिघडली. आई म्हणते असन.

परवा दुपारी काका बांधीवरून भारी धानाची एक लोंबी तोडून घेऊन आले. हार्वेस्टर आमच्या बांधीत लागला होता. “पाह्य गा दादा,” म्हणून त्यांनी ती बाबांच्या डाव्या हातात दिली आणि जेवायला बसले. बाबांनी ती धरली. पाहिली नाही, नुसती धरली. काकांचं जेवण झालं, हात धुतला, बिडी ओढून झाली, तरी मूठ तशीच मिटलेली होती. एक दाणा खाली पडला नव्हता.

जाताना काका म्हणाले, “सोड गा आता, कोंबडीले टाकतो.”

बाबांनी मूठ उघडली. एकेक बोट करून, सावकाश, व्यवस्थित.

मी त्या हाताकडे पाहत राहिले. पाहिजे तेवढा वेळ धरू शकणारा हात होता तो, आणि सोड म्हटल्यावर सोडणारा. तो कधी अडकलाच नव्हता. गेल्या वर्षी त्या पहिल्या दुपारी भोंगा वाजत राहिला, कारण ते तो वाजवत होते. जोवर वाजत होता, तोवर आम्ही चौघं पलंगाभोवती उभे होतो. पाणी नको होतं, चादर कोरडी होती. वाचा गेल्यापासून त्यांनी मारलेली ती पहिली हाक होती, त्यांच्या जुन्या हाकेसारखी, लांबच लांब, या बांधावरून त्या बांधावर जाणारी. आणि मी मधे तुरीच्या दाण्याएवढी एक वस्तू बसवली आणि तिची लांबी ठरवून टाकली.

हे आईला सांगून काही होणार नव्हतं. काकांना सांगितलं असतं तर ते लहान पोरासारखे रडले असते. मी आत जाऊन इस्त्री गरम करावी तशी सोल्डरिंगची कांडी गरम केली. डबा उघडला. तो कॅपॅसिटर काढला आणि त्याच्या जागी वायरीचा एक तुकडा जोडला. सोल्डरमधल्या राळेच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचंच असावं. काम इतकं थोडं होतं की लाज वाटली. एक वर्ष, आणि दोन टाके.

संध्याकाळ झाली होती. हार्वेस्टर दुसऱ्यांच्या बांधीत गेला होता, आमची बांधी मोकळी पडली होती, आणि त्या मोकळ्या जागेतून लाखोळीचा हिरवा रंग दिसत होता. खळ्यावर आई आणि काकी पोत्यांची तोंडं शिवत होत्या. मी पलंगाच्या काठावर बसले. माझ्या लक्षात आलं की मी इथे याआधी कधी बसलेच नव्हते. मी उभी राहायचे, गडू ठेवायचे, डबा तपासायचे. बाबांच्या अंगाला औषधी तेलाचा आणि जुन्या कपड्यांचा वास येत होता. त्यांचे खांदे माझ्या आठवणीपेक्षा फार लहान होते.

पाटीवरचं बटण काढून मी त्यांच्या डाव्या तळहातात ठेवलं आणि बोटं त्यावर वळवली. ती वळली नाहीत. दुपारी लोंबी धरणारी तीच बोटं होती. बटण घरंगळून चादरीवर पडलं. मी पुन्हा ठेवलं, ते पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि बटणासकट तसाच धरून ठेवला. ते भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर पोपडा आलेला चुना होता, दुसरं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, समझ लेना. मला समजलं होतं. ते इतकं स्पष्ट समजलं होतं की माझ्याजवळच्या दोन्ही भाषांत त्यासाठी काही म्हणायला उरलं नव्हतं, आणि तरी आवाज निघाला, माझा मलाच अनोळखी वाटावा इतका मोठा. खळ्यावर आई थांबली असावी.

“बाबा,” मी म्हणाले, “काही नको असलं तरी दाबा. दाबूनच ठेवा.”